क्यामशाप

पूर ओसरून अकरा दिवस झाले होते.
दस्तगीर शिकलगारांनी पुस्तक आणलं
दोन्ही हातांवर, गोणपाटात,
जखमी कोंबडं आणावं तसं.

जर्मन इंजनाचं पुस्तक.
मार्केट यार्डामागं त्यांच्या शेडात
हळद पॉलिश करायचा ड्रम हेच इंजन फिरवायचं,
वडलांनी भंगारातून घेतलं तेव्हापासून.
आता आत गाळ.
"तुमी जर्मन शिकलाय म्हणं," चाचा म्हणाले,
"बगा की ह्यात, क्यामशाप कसा काडायचा."

मी शिकले होते ते हॉटेलात कॉफी मागण्यापुरतं,
आणि माझी बहीण आजारी आहे, इतपत.
इंजन आजारी असल्याचं वाक्य आमच्या धड्यात नव्हतं.

पान चव्वेचाळीसच्या तळाशी सापडलं:
नॉकेन
आणि पुढे एक आडवी रेघ,
शब्द मोडून पलीकडं गेल्याची.
पलीकडचं पान त्याच्या पुढच्याला चिकटलेलं,
मध्ये कृष्णेचा गाळ, लापशीसारखा.

कोश म्हणाला, बहुधा उंचवटा;
डोंगराळ मुलखात टेकाडालाही म्हणतात.
खाली बारीक अक्षरात:
पिठाचा मुटका, उकडलेला.
चाचा हसले. पुरानंतर पहिल्यांदा असावं.
"मुटकंच की! दांड्यावर मुटकं असत्यात.
येक मुटका वर आला की येक झडप उगडती.
त्या जर्मनाला सैपाक येत हुता."

पान आधी पत्र्यावर ठेवलं, मग पंख्याखाली,
मग नुसतंच.
घाई केली तर अक्षरं गाळाबरोबर जाणार.
चाचा रोज सकाळी यायचे,
गुडघ्यांवर हात टेकून बघायचे पानाकडं,
आयर्विन पुलाची पट्टी बघावी तसे:
आज किती फुटांवर.

चौथ्या दिवशी सुटलं,
त्यांनीच धार लावलेल्या सुरीच्या टोकानं.
शब्दावर पापुद्रा होता. फुंकर मारली.
वेल्ल.

वेल्ल म्हणजे दांडा, फिरणारा.
वेल्ल म्हणजे लाट.
मी कोश मिटला. परत उघडला.
तेच होतं.
मुळात फक्त वळणं, गडगडणं;
पाणी वळलं तर लाट, लोखंड वळलं तर दांडा.
आपलं 'वळणं' त्याच रक्ताचं,
आणि ऊर्मी लांबची आत्या.
वेला मात्र, भरतीची, दिसायला सख्खी बहीण,
तिला कोशानं उंबऱ्यातच थांबवली:
चेहरा जुळला म्हणून नातं लागत नाही.

हे चाचांना कसं सांगायचं?
त्यांच्या शेडात, भिंतीवर, छातीएवढ्या उंचीला
तपकिरी रेघ अजून ओली होती.
म्हटलं, चाचा,
ते लोक ह्याला मुटक्यांची लाट म्हणतात.

बराच वेळ बोलले नाहीत.
बोट शब्दावर ठेवलं, तुटल्या जागी,
मग पान उलटून दुसऱ्या अर्ध्यावर.
"म्हंजी लाटंत लाट अडकलीया."
आणि जरा थांबून:
"आमी शाप म्हणत हुतो. जलमभर."

त्यांचं आडनावही असंच, दोन तुकडे जोडून केलेलं.
शिकल म्हणजे झिलई, गार म्हणजे करणारा.
आज्यानं तलवारींना केली, बापानं विळ्या-कातऱ्यांना,
ह्यांनी हळकुंडांना.
मी ते बोलले नाही.
त्यांना ठाऊक असेल, नसेल;
हातांना होतं.

काढायची कृती सात ओळींची.
चार मला लागल्या.
उरलेल्या तीन, पान बाजूला सारून,
चाचांनी पान्यानं वाचल्या.

दांडा बाहेर आला
तेव्हा प्रत्येक टेकाडाच्या पायथ्याला
गाळ बसला होता, मऊ, पिवळसर.
चाचांनी तो लगेच पुसला नाही.
अंगठ्यावर घेतला, नाकाशी नेला.

"हळद हाय," म्हणाले.